शिट्टी थांबली तेव्हा

शिट्टीभाऊंना हे नाव शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांनी दिलं. मैदानाला दोन फेऱ्या झाल्या की या मुलाच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची आणि मास्तरांना वाटायचं, कोणीतरी आपली नक्कल करतंय. दोन-तीनदा भलत्याच पोरांनी मार खाल्ला, तेव्हा कुठे खरा गुन्हेगार सापडला. मास्तरांनी त्याला कवायतीतून माफी दिली, मैदानाच्या कडेला सावलीत बसवलं आणि नाव ठेवून मोकळे झाले. पंचावन्न वर्षांचे झाले तरी ते नाव काही सुटलं नाही. खरं नाव उरलं ते फक्त दुकानाच्या परवान्यावर.

दुकान म्हणजे एका शटरची लांबट खोली. काम आग विझवायचे लाल सिलिंडर तपासायचं आणि पुन्हा भरून द्यायचं. कचेऱ्यांत, गोदामांत, शाळांत जिन्यापाशी टांगलेले हे सिलिंडर आपण रोज बघतो आणि कधीच बघत नाही. शिट्टीभाऊ कोणाच्या घरी लग्नाला गेले तरी आधी भिंतीवरचा सिलिंडर बघायचे, मग नवरानवरी. एकदा तर भर कार्यक्रमात खुर्ची सरकवून त्यांनी सिलिंडर खाली उतरवला, तारीख वाचली आणि यजमानांना सगळ्यांदेखत झापलं. त्यानंतर काही नातेवाइकांनी बोलावणंच बंद केलं.

दुकानात येणारे सगळे त्यांच्या बायकोला वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. शटरच्या आत डाव्या हाताला वहिनींचं टेबल होतं. त्यावर रजिस्टर, दोऱ्याची गुंडी आणि भोक पाडलेल्या पिवळ्या कार्डांचा गठ्ठा. शिट्टीभाऊंनी सिलिंडर उलटा करायचा, बुडावर रबरी हातोडी मारून आतली पावडर मोकळी करायची, काट्याला टांगायचा आणि वजन मोठ्याने सांगायचं. वहिनींनी ते कार्डावर लिहायचं, खाली पुढच्या तपासणीची तारीख टाकायची आणि कार्ड सिलिंडरच्या गळ्यात बांधायचं. वजन ग्रॅमपर्यंत सांगायचं आणि ग्रॅमपर्यंत लिहायचं, हा दोघांचा शिरस्ता. 'नऊ किलो चारशे वीस,' असं शिट्टीभाऊ म्हणाले आणि वहिनींनी नुसतं नऊ चारशे लिहिलं तर दिवसभर तोंड वाकडं. एकशे चाळीस इमारतींच्या तारखा वहिनींना तोंडपाठ होत्या. रजिस्टर फक्त लोकांना दाखवण्यापुरतं.

गिऱ्हाइकांपुढे शिट्टीभाऊंची दोन भाषणं ठरलेली होती. कोणी म्हणालं, दहा वर्षांत कधी आग लागली नाही, मग दर वर्षी तपासणी कशाला, की पहिलं भाषण. आग लागली नाही म्हणून सिलिंडर काढून टाकायचा असेल तर माझी हरकत नाही, आग लागली की मला फोन करा, मी रिक्षाने घेऊन येतो. आणि कोणी म्हणालं, अहो, दाबाची सुई हिरव्या पट्टीत आहे की, मग दुसरं. सुई फक्त दाब सांगते, पावडर आहे की नाही ते सांगत नाही. दांडा दाबला तर फुसकन आवाज येईल, तुम्ही खूश व्हाल आणि आग तुमच्यावर हसेल. आवाजावर जाऊ नका, तोलून बघा. हे भाषण त्यांनी हजारदा तरी केलं असेल, आणि दर वेळी मनापासून.

आता दम्याची गोष्ट. दमा लहानपणापासूनचा, त्यामुळे घरातल्या जुन्या कपाटासारखा कोणाच्या डोळ्यांत न येणारा. नातेवाइकांकडे प्रत्येकी एक उपाय होता आणि प्रत्येकाच्या ओळखीत तो उपाय लागू पडलेला एक माणूस होता. वर सगळ्यांचं एकच पालुपद, दमाच तर आहे. दुसऱ्याच्या छातीत काय चाललंय याबद्दल लोक इतके निश्चिंत असतात की कधीकधी त्यांचा हेवा वाटतो.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांना शिट्टीची शिकवणी दिली. बारीक शिट्टी असेल तर गरम पाणी द्यायचं आणि बोलायला लावायचं नाही. मोठी झाली की औषध द्यायचं आणि पाठीवरून हात फिरवायचा. थांबली की समजायचं, निभावलं. सासूबाई म्हणायच्या, "वाजतोय तोवर जवळ बस. थांबली शिट्टी की तू आपल्या कामाला लाग." ती माउली वीस-पंचवीस वर्षं या हिशोबाने मुलाला सांभाळत आली होती आणि हिशोब कधी चुकला नव्हता. वहिनींनाही तो तीस वर्षं पुरला. भाजी चिरताना, रजिस्टर लिहिताना, शेजारणीशी बोलताना त्यांचा एक कान कायम त्या शिट्टीकडे असायचा.

आठ वर्षांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी शिट्टीभाऊंना दोन पंप दिले. तपकिरी पंप रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा, त्रास असो वा नसो. श्वासनळीची आतली सूज तो कमी ठेवतो. निळा फक्त अडचणीच्या वेळी. शिट्टीभाऊंनी तपकिरी पंप तीन महिने इमानाने घेतला. छान वाटायला लागलं, आणि छान वाटतंय तर औषध कशाला, म्हणून सोडून दिला. पहिलं भाषण आठवतंय ना? त्यांना नाही आठवलं. तपकिरी पंप स्वयंपाकघराच्या खणात रबरबँड आणि जुन्या चाव्यांच्या संगतीला गेला.

निळा मात्र खिशात असायचा. अधूनमधून ते तो कानाशी धरून हलवायचे, हवेत एकदा दाबायचे, फस्स करून आवाज आला की मान डोलवून म्हणायचे, "भरलाय." नवा कधी आणला ते त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही. वहिनींनीही नाही. हातात पेन आणि कार्डं घेऊन बसलेल्या त्या दोघांनी.

त्या वर्षी सुट्टीत एका शाळेचं काम आलं. तीन मजले, बेचाळीस सिलिंडर, आणि शाळा उघडायच्या आत सगळं पुरं व्हायला हवं होतं. शिट्टीभाऊंना आठवडाभर सर्दी होती. चार दिवस शिट्टी वाजत होती आणि एरवी आठवड्यातून दोनदा लागणारा निळा पंप दिवसातून सहा-सात वेळा निघत होता. वहिनी म्हणाल्या, डॉक्टरकडे जाऊन या. शिट्टीभाऊ म्हणाले, शाळेचं झालं की जाऊ, दम्याने कोणी मरतं का? हे वाक्य वहिनींनी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं की त्यांना ते खरंच वाटत होतं. दुखणं अंगावर काढायचं म्हणजे मर्दुमकी, आणि डॉक्टरकडे जायचं म्हणजे बाऊ करणं, असं त्या घरात कोणी म्हणत नव्हतं, पण वागणं तसंच होतं.

दुपारपर्यंत दोन मजले झाले. शिट्टीभाऊंनी तोंडाला फडक्याची पट्टी बांधली होती, पण वजन सांगायचं तर ती खाली ओढावी लागायची, म्हणून ती बहुतेक वेळ हनुवटीवरच होती. तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या मागे एक अंधारी कोठी होती. तिथे कपाटाच्या आड एक सिलिंडर सापडला, धूळ खात पडलेला, दांडा अडवून धरणारी खीळ गायब. शिट्टीभाऊंनी तो उचलायला आणि दांडा कपाटाच्या कडेवर दाबला जायला एकच गाठ पडली. बंद खोलीत पांढरी पावडर भस्सकन उडाली. दोघंही खोकत बाहेर आले. वहिनी खिडकीशी उभ्या राहून दोन मिनिटांत ताळ्यावर आल्या. शिट्टीभाऊ जिन्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी निळा पंप काढला.

दोनदा ओढला, थांबले, पुन्हा दोनदा, मग पुन्हा. शिट्टी कमी व्हायचं नाव घेईना, उलट एवढी मोठी झाली की खालच्या मजल्यावरून मुख्याध्यापिका बाई वर आल्या. त्यांनी विचारलं, गाडी बोलावू का? शिट्टीभाऊंनी पाच बोटं दाखवली, पाच मिनिटं थांबा. मग पंप कानाशी नेऊन हलवला आणि बाईंना दाखवला, म्हणजे काळजी नको, औषध भरपूर आहे. वहिनी शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. गाडी बोलवा, असं दोनदा त्यांच्या ओठांवर आलं. पण परक्या ठिकाणी नवऱ्याचा शब्द मोडून तमाशा कशाला करायचा, म्हणून त्यांनी ते गिळलं.

पंप आणखी चारदा दाबून झाला. मग शिट्टी हळूहळू बारीक होत गेली. बारीक, आणखी बारीक, आणि थांबली.

"हुश्श," वहिनी म्हणाल्या. "थांबली एकदाची."

त्यांचा जीव भांड्यात पडला. बाईंचाही पडला. बाई म्हणाल्या, मी खाली चहाचं सांगते, आणि जिना उतरल्या. वहिनी उठल्या, सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे कामाला लागल्या. पावडरीचा घोटाळा व्हायच्या आधी टांगलेला एक सिलिंडर पायरीसमोरच, बरोबर आणलेल्या काट्यावर लोंबत होता. वहिनी खालच्या पायरीवर बसल्या, त्यांनी मांडीवर कार्ड घेतलं आणि म्हणाल्या, एवढ्याचं वजन सांगा, मग घरी जाऊ, बाकीचं उद्या बघू.

"नऊ," शिट्टीभाऊ म्हणाले.

वहिनींनी नऊ लिहिलं आणि पेन तसंच धरून पुढच्या आकड्याची वाट बघितली. आकडा येईना. "पुढे?" त्यांनी मान वर न करता विचारलं. तीस वर्षांत या माणसाने नुसतं नऊ कधी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी वर बघितलं.

शिट्टीभाऊ दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. खांदे कानांपर्यंत चढत होते आणि उतरत होते. प्रत्येक वेळी गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. ओठ राखेसारखे झाले होते, शर्ट घामाने चिंब. डोळे वहिनींवर लागलेले. आणि या सगळ्यात आवाज कसलाही नव्हता. तीस वर्षं जी छाती कधी गप्प बसली नव्हती, ती मुकी झाली होती.

वहिनींनी त्यांच्या हातातून पंप घेतला, त्यांच्या तोंडाशी न्यावा म्हणून. आणि घेताक्षणी हाताला कळलं. काट्यावर चढवण्याआधीच रिकामा सिलिंडर ओळखणारा तो हात होता. पंप हलका होता. त्यांनी दाबला. फस्स करून आवाज आला, अगदी नेहमीसारखा. भाषणातली सुई हिरव्या पट्टीत होती.

त्या जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकल्या. "बाई, गाडी बोलवा. आत्ताच्या आत्ता."

गाडी अकरा मिनिटांत आली. ती अकरा मिनिटं वहिनींनी शिट्टीभाऊंना सरळ बसवून, स्वतःच्या खांद्याचा टेकू देऊन काढली. आठव्या मिनिटाला त्यांची मान वहिनींच्या गळ्यावर कलली. गाडीतल्या माणसांनी तोंडाला प्राणवायू लावला, दंडात सुई टोचली, आणि हॉस्पिटलच्या दारातच घशात नळी घालावी लागली. पुढचे दोन दिवस शिट्टीभाऊंच्या वाटचा श्वास यंत्राने घेतला.

डॉक्टर तरुण बाई होत्या, वहिनींच्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारून घेतलं. शिट्टी थांबल्यावर मला वाटलं बरं वाटलं, असं वहिनी म्हणाल्या तेव्हा डॉक्टरबाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "काकू, शिट्टी वाजायलाही हवा लागते. नळ्या इतक्या आवळल्या की हवा जाईना, म्हणून ती थांबली. पंप ओढून शिट्टी थांबली आणि माणूस नीट बोलायला लागला, तर बरं. शिट्टी थांबली आणि वाक्यही पुरं होईना, तर एक मिनिट थांबायचं नाही."

मग त्यांनी पंपाचं सांगितलं. त्यात ठरावीक फवारे औषधाचे असतात. औषध संपलं तरी ढकलणारा वायू उरतो, आणि तो आणखी कितीतरी दिवस फस्स करत राहतो. हलवून, दाबून काही कळत नाही. शिवाय निळा पंप दिवसातून सहा-सहादा लागणं हीच मोठी धोक्याची खूण होती, त्याच दिवशी यायला हवं होतं. हा पंप कधी आणला होता, त्यांनी विचारलं.

एकशे चाळीस इमारतींच्या तारखा तोंडपाठ असलेल्या वहिनींना वर्षही सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी शिट्टीभाऊंची नळी काढली आणि वहिनी कागदपत्रं आणायला दुकानात गेल्या. शटर अर्धंच उघडलं. आत एक छोटा नाजूक काटा होता, वायूच्या लहान नळ्या तोलायचा. वहिनींनी पर्समधून दोन पंप काढले, एक जिन्यावरचा आणि एक औषधाच्या दुकानातून आत्ताच आणलेला. आतल्या डब्या काढून दोन्ही तोलल्या. नवी एकोणतीस ग्रॅम, जुनी पंधरा. मग डब्या परत बसवून त्यांनी दोन्ही पंप हवेत दाबले. डोळे मिटून ऐकलं असतं तर कुठला नवा, कुठला जुना ते सांगता आलं नसतं. तिथे कोणी नव्हतं, म्हणून वहिनींना हवं तेवढं रडता आलं.

शिट्टीभाऊ घरी आले ते बारा किलो कमी होऊन आल्यासारखे दिसत होते. खरं तर चारच किलो उतरले होते, वहिनींनी तोलून बघितलं होतं. आठवडाभर वहिनींनी त्यांचं सगळं केलं, खणातला जुना तपकिरी पंप फेकून नवा आणला, पण एक गोष्ट त्यांच्या घशात अडकून बसली होती. शेवटी एका दुपारी ते खिडकीशी बसून संत्रं सोलत होते, तेव्हा त्या समोर जाऊन बसल्या.

"मी हुश्श केलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा जीव चालला होता आणि मी हुश्श केलं. कार्ड घेऊन बसले."

शिट्टीभाऊ संत्र्याच्या सालीशी खेळत राहिले. "ऐकलं मी," ते म्हणाले.

वहिनींना वाटत होतं, ऐकलं नसेल. त्या आशेवरच त्या इतके दिवस तग धरून होत्या.

"एका शब्दापुरती हवा उरली होती," शिट्टीभाऊ म्हणाले. ते थांबून थांबून बोलत होते, नळीने घसा सोलवटला होता. "'नाही' असं म्हटलं असतं, तर तू म्हणाली असतीस, बोलू नका, गप्प बसा. आईने तेच शिकवलंय तुला. म्हणून नऊ म्हटलं. म्हटलं, ही अर्धं वजन लिहायची नाही. पुढचं विचारायला वर बघेलच."

 वहिनींनी अर्धं संत्रं त्यांच्या हातातून घेतलं आणि त्याच्या शिरा काढत बसल्या, एकही शीर उरली नव्हती तरी.

शाळेचं उरलेलं काम पुढे त्यांच्या ओळखीच्या एका माणसाने पुरं केलं. त्या सिलिंडरला नवं कार्ड बांधलं गेलं. जुनं, नुसतं नऊ लिहिलेलं, वहिनींनी परत मागून आणलं आणि रजिस्टरच्या पुठ्ठ्यात ठेवलं. आता दोन्ही पंपांच्या गळ्यात पिवळी कार्डं असतात. आणल्याची तारीख, फवारे किती, पुढचा कधी आणायचा. पावडर भरायचं काम शिट्टीभाऊंनी कायमचं सोडलं, ते बाहेरून भरून येतं. गिऱ्हाइकांना ते अजून दोन्ही भाषणं देतात, मात्र दुसरं संपल्यावर खिशातून तो जुना रिकामा पंप काढून फस्स करून दाखवतात आणि सांगतात, यात काहीही नाही.

सासूबाईंची शिकवणी वहिनींनी मोडीत काढली. त्यांची नवी रीत अशी, की सकाळी तपकिरी पंप ओढून, चूळ भरून झाली की शिट्टीभाऊंनी एका दमात एक वाक्य पुरं म्हणायचं. वाक्यही ठरलेलं. नऊ किलो चारशे वीस ग्रॅम, दाब ठीक, पुढची तपासणी उद्या सकाळी. ते पुरं झालं की वहिनी भिंतीवरच्या कार्डावर सही करतात आणि दुकान उघडायला निघतात. शिट्टीभाऊ सुरुवातीला फार कुरकुरले. मी काय सिलिंडर आहे का, असं म्हणाले. वहिनी म्हणाल्या, सिलिंडर असता तर याआधीच नीट सांभाळलं असतं.

परवा एका सकाळी शिट्टीभाऊ चारशेपर्यंत गेले आणि थांबले. श्वास घेतला, मग वीस म्हणाले. छातीत शिट्टी नव्हती. खोकला नव्हता, चेहरा नेहमीसारखा. पूर्वीचा दिवस असता तर दोघांनीही त्याला काही नाही म्हटलं असतं.

वहिनींनी पेन सही न करताच खाली ठेवलं.

"चपला घाला," त्या म्हणाल्या.

शाळेचं, दुकानाचं, गिऱ्हाइकाचं, कोणाचंही नाव न घेता शिट्टीभाऊ उठले आणि चपला शोधायला लागले.